उन्हाळी शिबिरात ताई-दादा म्हणून जाताना

उन्हाळी शिबिरात ताई-दादा म्हणून, म्हणजे मुलांचा गट सांभाळायचं, काम मिळालं की डोळ्यांसमोर दोर, होड्या आणि शेकोटी येते. काही उन्हाळे हे काम केल्यावर नव्याने येणाऱ्यांना मी एकच सांगते: उपक्रम चालू असतो तेव्हा तुमच्यावर त्यामानाने कमी भार असतो. कड्यापाशी प्रशिक्षक असतो, पाण्यापाशी जीवरक्षक. हेल्मेटं उतरवून पोरं तंबूंकडे निघाली की तुमची खरी ड्यूटी सुरू. कुणाची बाटली मागे राहते, कुणी फुलपाखराच्या मागे वाट सोडतं, दोघांची झाडाआड जुंपते. बहुतेक भानगडी या मधल्या वेळातच होतात.

म्हणून मोजत राहा. निघताना, पोचल्यावर, जेवायच्या आधी, झोपायच्या आधी. आणि चेहरे बघून मोजा. शेजारच्या गटातलं एखादं पोर तुमच्या रांगेत घुसलं की आकडा अगदी बरोबर येतो, आणि तुमचं एक मागे राहिलेलं असतं. चालताना एक दादा पुढे, एक ताई सगळ्यांत मागे. मागच्याने शेवटच्या मुलाच्या पुढे जायचं नाही, ते कितीही रेंगाळो. पाण्यात जोड्या लावतात. शिट्टी झाली की जोडीदाराचा हात धरून वर करायचा. ज्याचा हात एकटाच वर दिसतो, त्याच्याकडे आधी धावायचं.

घरची आठवण दिवसा फारशी येत नाही, अंथरुणावर पडल्यावर येते. एक मुलगा पांघरुणाच्या आत टॉर्च लावत-विझवत बसायचा, रडत मात्र नव्हता. त्याला म्हटलं, सगळ्यांच्या टॉर्च तपासायच्यात, कुणाची बॅटरी उतरलीय बघून देशील? दोन-तीन तंबू फिरून आला आणि झोपला. हाताला काम द्या. ‘उद्या आईला बोलावते’ असलं आश्वासन चुकूनही देऊ नका. मग मूल त्याच आशेवर दिवस काढतं. सकाळी एखाद्याचं अंथरूण ओलं निघालं तर बाकीचे नाश्त्याला गेल्यावर गुपचूप बदलायचं. त्यावर विनोद नाही, कुजबुजही नाही.

एकट्या मुलाबरोबर बंद तंबूत एकट्याने थांबायचं नाही, हा नियम मुलाच्याही भल्याचा आणि तुमच्याही. त्याने काही गंभीर सांगितलं तर ‘कुणाला सांगणार नाही’ असा शब्द देऊ नका, कारण शिबिरप्रमुखांना सांगावंच लागतं.

उन्हाचं नीट शिकून घ्या. डोकेदुखी, मळमळ, गळून जाणं दिसलं तर सावली, विश्रांती, पाणी किंवा ओआरएस. पण मूल असंबद्ध बोलायला लागलं, तोल जायला लागला, अंग भाजतंय तर उष्माघात समजा. शरीराचं तापमान 40 अंश सेल्सिअसच्या वर गेलेलं असू शकतं. खेळून आलेल्या मुलाला तेव्हा घामही येत असतो, त्यावर फसू नका. एकाने डॉक्टरांना बोलवायचं, दुसऱ्याने त्याच क्षणी अंगावर गार पाणी ओतून वारा घालायचा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.

गडगडाट ऐकू आला की खेळ बंद, सगळे पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत. तंबू विजेपासून वाचवत नाही. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं कुणी बाहेर पडायचं नाही. पोरं वैतागतात, वैतागू द्या.

सामानात हेडटॉर्च, शिट्टी आणि बुटांचा दुसरा जोड हवाच. ओरडून गटाला हाक मारणाऱ्यांचा आवाज लवकर बसतो, त्यामुळे शिट्टी गळ्यातच ठेवा. झोप हा मात्र या कामातला सगळ्यांत मोठा तुटवडा. सुट्टीच्या दिवशी फिरायला जाण्याचे बेत सगळेच करतात, मी सरळ झोपायचे.

होकार कळवण्याआधी विचारा: एका ताई-दादाकडे किती मुलं? रात्रीची पाळी कशी लागते? आठवड्याची सुट्टी पक्की आहे का? विमा आहे का? मुलं यायच्या आधी प्रशिक्षण किती दिवस? शेवटच्या प्रश्नाला ‘आल्यावर शिकाल हो’ असं उत्तर आलं तर दुसरं शिबिर शोधा.