जुन्या फायबर बोटीची तयारी: आधी वाळवणे, मग बाकी सगळे

फायबरची जुनी मोटरबोट घरच्या अंगणात नव्याने उभी करायची असेल, तर तयारीची सुरुवात सामानापासून नव्हे, दिनदर्शिकेपासून करावी. कोल्हापुरात जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत हवा इतकी दमट असते की लाकूड वाळत नाही आणि रेझिनचे (काचतंतूंना घट्ट बांधणाऱ्या द्रवाचे) कामही भरवशाचे होत नाही. ऑक्टोबरात परतीचा पाऊस असतो, आणि एप्रिल-मेमध्ये वळीव कधी गाठेल याचा नेम नाही. हाती राहतात ते दिवाळीनंतरचे चार-साडेचार महिने, आणि त्यांतले निम्मे केवळ बोट वाळण्यासाठी राखून ठेवायचे आहेत. मागच्या खेपेस मी नेमके हेच केले नाही आणि पुढच्याच पावसाळ्यात नवे थर पापुद्रे धरून सुटले, म्हणून ही यादी लिहीत आहे. महापुरात उपयोगी पडावी या हेतूने ज्यांनी बोट घेतली आहे, त्यांनी ती मे महिना संपण्याआधी पूर्ण होत नसेल तर त्या वर्षापुरता तिचा विचार सोडून द्यावा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ३९ फुटांची इशारा पातळी गाठल्यावर रेझिन घट्ट होण्याची वाट पाहत बसता येत नाही.

जागा सावलीची, वाऱ्याची आणि वाहन आत येईल अशी असावी. पेठेतल्या गल्लीत बोट वळते का, हे ती आणण्यापूर्वी मोजावे. यापेक्षा जास्त सांगण्याची गरज नाही. आधाराबद्दल मात्र थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. बोटीचा भार मधल्या कण्यावर यावा आणि दोन्ही बाजूंना केवळ तोल सांभाळण्यापुरते टेकू असावेत; त्यासाठी मोटारीचे जुने टायर, जाड लाकडी ठोकळे आणि वाळूची पोती चालतात. आधार दोनच ठिकाणी दिला तर पातळ तळ तेवढ्याच जागी आत दबतो, आणि त्याच अवस्थेत आतील फळ्या कापून नवे थर घातले की तो बाक कायमचा होतो. तळाला असा बाक आलेली बोट वेगात नाक खाली घालते, आणि त्यावर इंजिनाचा कोणताही इलाज चालत नाही. तळ मागच्या बाजूला किंचित उतरता ठेवावा, म्हणजे आतले पाणी निचऱ्याच्या भोकाकडे येईल. पहिल्याच दिवशी पेट्रोलची टाकी आणि नळ्या काढून बोटीपासून दूर ठेवाव्यात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती बोटीच्या तळाशी साचून राहते आणि ग्राइंडरची एक ठिणगी तिला पुरते.

आता वाळवणे. आपल्याकडे येणाऱ्या जुन्या बोटी बहुधा कोकणातून, आंबा किंवा गगनबावड्याच्या घाटाने येतात, म्हणजे त्या खाऱ्या पाण्यात वापरलेल्या असतात. वरून कोरडी दिसणारी बोट आतून कोरडी असते असे समजू नये. इंजिन ज्या मागच्या सपाट भिंतीवर टांगतात आणि जिला कारागीर ट्रान्सम म्हणतात, तिच्या पोटात बहुतेक जुन्या बोटींत प्लायवूड असते. पायाखालच्या फळीत आणि लांबीच्या दिशेने जाणाऱ्या आधारपट्ट्यांतही लाकूड असते, आणि फळीखालच्या पोकळीत भरलेल्या फोमने वर्षानुवर्षे पाणी धरलेले असते. स्क्रूच्या न बुजवलेल्या भोकांतून आत गेलेले पाणी बाहेर यायला वाट नसते. म्हणून आधी सर्व फिटिंग काढावीत, फळी कापून फोम उपसून टाकावा, आणि ट्रान्समच्या आतल्या बाजूने, खालच्या कडेलगत, ६ ते ८ मिलिमीटरची भोके लाकूड लागेपर्यंत पाडावीत. भोकातून तपकिरी पाणी आले किंवा कुजका वास आला तर पुढचा प्रश्नच उरत नाही. ते लाकूड काढावे लागणार. कोरडा, फिकट भुसा आला तर नशीब चांगले आहे. प्लास्टिकच्या हातोडीने सगळीकडे ठोकून पाहावे. घट्ट जागी आवाज खणखणीत येतो, थर सुटलेल्या किंवा भिजलेल्या जागी तो बसका येतो. अशा जागा खडूने आखून ठेवाव्यात आणि आखलेल्या रेषा प्रामाणिकपणे पाळाव्यात. काम वाढते म्हणून त्या पुसू नयेत.

तळावर फोड असतील आणि फोडल्यावर आंबूस वासाचा चिकट द्रव निघाला, तर पाणी थरांमध्ये शिरले आहे. ते फोड ग्राइंडरने पूर्ण उघडावेत. त्यानंतर जे करायचे ते बहुतेकांना उलटे वाटते: वाळवण्यापूर्वी बोट गोड्या पाण्याने पुनःपुन्हा धुवावी. थरांत राहिलेले मीठ हवेतला ओलावा ओढत राहते. पावसाळ्यात उघडी राहिलेली गुळाची ढेप जशी पाघळते, तसाच हा प्रकार आहे, आणि मीठ आत ठेवून कितीही दिवस पंखा लावला तरी पहिल्या दमट आठवड्यात ओल परत येते. धुऊन झाल्यावरच वाळवण्याचे दिवस मोजायला लागावे. बोट ताडपत्रीत गुंडाळू नये. वर छपरासारखी ताडपत्री बांधून बाजू मोकळ्या ठेवाव्यात, कारण डिसेंबर-जानेवारीत पहाटे दव पडते आणि गुंडाळलेल्या बोटीला आतून घाम सुटतो. दिवसा ऊन आणि वारा मिळावा, रात्री आत एखादा पंखा चालू ठेवावा. हॅलोजनचा दिवा जवळ लावून घाई करू नये. एकाच जागी उष्णता बसली की जुने रेझिन मऊ पडते आणि थर आणखी सुटतात.

वाळली हे कसे ओळखावे? हाताला कोरडे लागते, ही कसोटी नव्हे. सुमारे एक फूट लांबीरुंदीचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा घासलेल्या पृष्ठभागावर चारही बाजूंनी चिकटपट्टीने हवाबंद करावा आणि तो एक पूर्ण दिवस व रात्र तसाच ठेवावा. आतल्या बाजूला बारीक थेंब दिसले तर बोट ओली आहे. बाहेरच्या बाजूचे दव धरू नये. हीच परीक्षा तळ, ट्रान्सम आणि आधारपट्ट्यांजवळ वेगवेगळी घ्यावी. लाकडाची ओल मोजणारे टोकदार यंत्र मिळाले तर ट्रान्सममधल्या भोकांतून आकडा पाहावा. तो १५ टक्क्यांच्या वर असेपर्यंत मॅट (काचतंतूंची चटई) उघडूसुद्धा नये. उसाच्या वजनकाट्यावर बोट दर आठवड्याला नेण्याची कल्पना अनेकांना सुचते, पण तिथल्या काट्याला थोड्या पाण्याचा फरक कळत नाही. प्लास्टिकची परीक्षा एकदा उत्तीर्ण झाली म्हणून थांबू नये. काही दिवसांनी ती त्याच जागी पुन्हा घ्यावी, कारण खोल लाकडातली ओल वर यायला वेळ घेते.

लाकूड कुजलेले असेल तर वाळवण्याने ते बरे होत नाही. टोकदार पेचकस सहज आत गेला की ते कापून काढावे, आणि कुजलेल्या कडेच्या पुढे घट्ट लाकूड लागेपर्यंत कापावे. कापण्याआधी ट्रान्समची जाडी, उंची आणि मागे कललेला कोन कागदावर उतरवून घ्यावा. इंजिनाच्या दांड्याची लांबी बहुधा १५ किंवा २० इंचांच्या मापात असते आणि ट्रान्समची उंची त्याच्याशी जुळावी लागते. अंदाजाने बसवलेला ट्रान्सम इंजिनाला एक तर खोल बुडवतो किंवा त्याच्या पाण्यातल्या पंख्याला (प्रोपेलरला) हवा ओढायला लावतो. नवे प्लायवूड आयएस ७१० छापाचे मरीनच घ्यावे. त्यावर काटकसर करणाऱ्याने बोट घेऊ नये. आणि हे प्लायवूडही वाळलेले आहे का ते पाहावे. गोदामात पावसाळाभर पडलेली पाटी नवी असली तरी कोरडी नसते. ती घरी आणून काही दिवस हवेशीर जागी उभी ठेवावी, कडांसह सगळीकडे इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारे, जास्त चिकट रेझिन) पाजावे आणि मगच बसवावी. ओला ट्रान्सम काढून त्या जागी ओले प्लायवूड बंद करणे, यासारखे व्यर्थ काम दुसरे नाही.

सामानाच्या बाबतीत कोल्हापूर सोयीचे आहे, कारण इथल्या फाउंड्री, पॅटर्न शॉप आणि फायबरच्या टाक्या-दारे बनवणाऱ्यांमुळे शिरोली, गोकुळ शिरगाव आणि उद्यमनगरच्या परिसरात रेझिनची माहिती असलेली माणसे भेटतात. पॉलिएस्टर रेझिन घेताना निर्मितीची तारीख पाहावी. उन्हात ठेवलेला जुना डबा तळाशी घट्ट झालेला असतो. आपल्याकडे अनेकदा रेझिन, कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारा) आणि हार्डनर (रेझिन घट्ट करणारा) असे तीन वेगळे डबे मिळतात. जांभळट कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळावा आणि नंतरच पाण्यासारखा दिसणारा हार्डनर घालावा. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, एकाच भांड्यात किंवा एकाच चमच्यानेही मोजू नयेत. स्फोट होतो, आणि ही अतिशयोक्ती नाही. हार्डनर वजनाने १ ते २ टक्के, म्हणजे किलोभर रेझिनला १० ते २० ग्रॅम, आणि तो इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलून घालावा. झाकणाने मोजण्याची पद्धत रूढ आहे म्हणून बरोबर नाही. जानेवारीत दुपारी आणि मार्चमध्ये सकाळी लवकर काम करावे, कारण उष्णतेत भांड्यातले रेझिन हातातच गोठते. एका वेळी अर्ध्या किलोपेक्षा जास्त कालवू नये.

चौरस मीटरला ४५० ग्रॅम भरणाऱ्या चॉप मॅटला (काचतंतूंच्या तुकड्यांच्या मॅटला) साधारण तिच्या वजनाच्या सव्वादोन ते अडीच पट रेझिन लागते, म्हणजे एका चौरस मीटरच्या एका थराला किलोभर धरावे. ही मॅट जोडून ठेवणारा पदार्थ पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीन या द्रवाने विरघळतो, इपॉक्सीने विरघळत नाही. म्हणून ज्या जागी इपॉक्सी वापरायचे आहे तिथे विणलेले कापड घ्यावे. जुन्या पॉलिएस्टरवर इपॉक्सी चिकटते, पण इपॉक्सीवर पॉलिएस्टर भरवशाने चिकटत नाही, तेव्हा कोणत्या जागी काय हे आधीच ठरवून भिंतीवर लिहून ठेवावे. मोठ्या भेगेची कड जाडीच्या १२ पट रुंद उतरती घासावी. घासण्यापूर्वी ॲसिटोनने मेण पुसावे, नंतर नव्हे. आधी घासले तर मेण ओरखड्यांत जाऊन बसते. मग ३६ किंवा ४० नंबरची चकती. नवा थर जुन्यावर केवळ या ओरखड्यांच्या पकडीवर उभा असतो, आणि ओरखड्यांत ओल असेल तर ती पकड नसतेच. मॅटचा पहिला तुकडा कापण्याच्या आदल्या रात्री प्लास्टिकचा तुकडा पुन्हा एकदा चिकटवावा.

स्वतःचे रक्षण: कोळशाच्या काडतुसाचा मास्क, कापडी नव्हे. बंद चष्मा अनिवार्य आहे, कारण हार्डनरचा थेंब डोळ्याची दृष्टी घेऊ शकतो. पाण्याची बादली हाताशी ठेवावी. पूर्ण बाह्यांचे जुने कपडे, आणि काम संपल्यावर गार पाण्याने अंघोळ. गरम पाण्याने काचेची कुसे कातडीत आणखी रुततात. रेझिनचे बोळे ढीग करून टाकू नयेत, पेटतात. शेजाऱ्यांना वासाची आगाऊ कल्पना द्यावी.

जेलकोट, म्हणजे सर्वांत वरचा गुळगुळीत थर, शेवटी. हवेशी संपर्क आल्यास तो चिकट राहतो, म्हणून शेवटच्या हाताला मेणाचे द्रावण घालावे. दोन हातांमध्ये अंतर पडले तर घासावे. रंग, चकाकी, पॉलिश यांबद्दल सर्वांना सर्व काही माहीत असते.

फिटिंग बसवताना प्रत्येक जुने भोक इपॉक्सीने भरून, वाळल्यावर नव्याने पाडावे आणि पॉलियुरेथेन सीलंटमध्ये ३१६ स्टेनलेसचे स्क्रू बसवावेत; व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन इथे नको. ओल आत गेली होती ती याच भोकांतून.

इंजिनासाठी उद्यमनगरात मार्ग निघतो. ऑइल इंजिनांच्या गावात त्याची चिंता करू नये. गिअर तेल दुधाळ असेल तर सील बदलावे, पाणीपंपाचा इंपेलर (पाणी ढकलणारे रबरी पात्यांचे चक्र) न पाहताच बदलावा, आणि चाचणी पाण्याने भरलेल्या पिंपातच घ्यावी. कोरडे चालवले तर नवा इंपेलर लगेच जळतो. पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या फेकून द्याव्यात. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते, ते जुने रबर खाते, आणि टाकी फायबरची असेल तर तिचे रेझिनही विरघळवते. आपल्याच जिल्ह्यातल्या उसापासून ते बनते म्हणून त्याला सूट मिळत नाही.

नोंदणी आणि जलाशयावर उतरण्याची परवानगी यांची कागदपत्रे काम चालू असतानाच मागवावीत. अंतर्देशीय जलयान अधिनियम २०२१ चा आहे आणि जुनी माहिती सांगणारे पुष्कळ आहेत. जीवरक्षक जाकिटे, वल्ही, दोर, अग्निशामक. निचऱ्याचे बूच लावून पाण्यात उतरावे, परत आल्यावर ते काढावे, किती पाणी निघाले ते मापाने पाहावे आणि कोठून आले ते त्याच दिवशी शोधावे.