अचानक गर्दी झाली तर: छोट्या खाद्यगाडीसाठी

अनपेक्षित गिऱ्हाईक आलं की पुष्कळ गाड्यांवर मालाच्या आधी सुटे पैसे, पार्सलचे डबे किंवा गॅस संपतो. म्हणून राखीव आधी या तिन्हींचं ठेवा. भरलेला दुसरा सिलिंडर नसेल तर बाकीची तयारी फुकट.

तयार पदार्थ जास्त करून ठेवू नका. गर्दी झालीच नाही तर तो टाकावा लागतो, किंवा उद्या खपवायचा मोह होतो. वाढवायची ती अर्धी तयारी. कोरडं मिश्रण वजन करून पिशव्यांत बांधा आणि किती पाणी घालायचं ते पिशवीवरच लिहा, म्हणजे घाईत अंदाज चुकत नाही. सुरुवातीला रोजच्या खपाच्या पाव हिश्श्याएवढ्या पिशव्या पुरे. उरल्या तर दुसऱ्या दिवशी आधी त्याच फोडा. चिरलेल्या भाजीला मात्र आधी मीठ लावू नका. तिला पाणी सुटतं, पीठ सैल होतं. मीठ ऐन वेळी, लागेल तेवढ्याच भागाला.

तळणाची गाडी असेल तर दिवस बिघडतो तो कढईत. रांग दिसली की हात आपोआप जास्त नग सोडतो. तळायला तेल साधारण 170 ते 180 अंश सेल्सिअस लागतं. एकदम खूप गार नग पडले की ते झपकन उतरतं आणि नग फिकट, तेलकट, आतून कच्चे निघतात. बुडबुड्यांकडे लक्ष ठेवा. नग सोडल्यावर ते जोरात उसळले पाहिजेत. मंदावले तर पुढच्या घाण्यात दोन-तीन नग कमी टाका आणि तेल पुन्हा तापू द्या. मोठा घाणा परत तळत बसण्यापेक्षा दोन लहान घाणे लवकर उरकतात.

एखादा येऊन एकदम 40 प्लेट मागतो, तेव्हा लगेच ‘हो’ म्हणू नका, आधी हिशेब करा. प्लेटला 2 नग म्हणजे 80 नग. घाणा 12 नगांचा असेल तर 7 घाणे. तेल तापायचा वेळ धरून घाण्याला 5 मिनिटं, म्हणजे 35 मिनिटं झाली. पण रांगेतली माणसं ताटकळता कामा नयेत, म्हणून दर तिसरा घाणा त्यांचा. एकूण 10 घाणे, 50 मिनिटं. सांगताना तास सांगा. अर्धे पैसे आधी घ्या, ओळखीच्या माणसाकडूनही. गरम नगांचा डबा लगेच घट्ट बंद करू नका, वाफेने ते मऊ पडतात.

गर्दीत शिजवलेल्या रश्शाचं किंवा सारणाचं पातेलं बाजूला राहून जातं. ते 60 अंशांच्या वर गरम ठेवा. गरम न ठेवता बाहेर 2 तासांपेक्षा जास्त राहिलं तर विकू नका, मागणी कितीही असो. पैशाला लागलेला हात धुतल्याशिवाय खाण्याला लावू नका; शक्य असेल तर गल्ल्यावर वेगळा माणूस बसवा.

रात्री वहीत चार गोष्टी टिपा: वार, हवामान, आसपास काय होतं, कोणता माल किती वाजता संपला. शेवटची नोंद सगळ्यात मोलाची, कारण संपल्यानंतर किती गिऱ्हाईक परत गेलं ते गल्ला सांगत नाही. एका चांगल्या दिवसावरून उद्याचा माल दुप्पट भरू नका. त्याच वाराचे मागचे चार आठवडे शेजारी मांडा. चारपैकी तीनदा माल लवकर संपला असेल तरच वाढवा, आणि तेही दहा-पंधरा टक्क्यांनी.