शाळेचे आयपॅड दुसऱ्यांच्या हॉटस्पॉटला जोडले जायचे, ते कसं थांबवलं

शाळेतले २८ आयपॅड मी सांभाळतो. मुलं शाळेचं वायफाय सोडून कुणाच्यातरी मोबाईलच्या हॉटस्पॉटला जोडायची, की आपल्या राउटरवरचा फिल्टर गेला उडत. लहान मुलं आहेत हो, काय समोर येईल सांगता येत नाही, मला खरंच झोप लागायची नाही.

उपाय एमडीएममध्येच होता, म्हणजे सगळे आयपॅड एका जागेवरून सांभाळायच्या सॉफ्टवेअरमध्ये. त्यातल्या रिस्ट्रिक्शन्समध्ये प्रोफाइलमधून (एमडीएम आयपॅडवर पाठवतं ती सेटिंगची फाइल) टाकलेल्याच वायफायला जोडू द्यायचा एक पर्याय आहे, पण आयपॅड सुपरवाइज्ड, म्हणजे शाळेच्या पूर्ण ताब्यात राहील असा सेट केलेला, असेल तरच तो लागू होतो. आमचे सात नव्हते, ते मॅकला केबल लावून ॲपल कॉन्फिग्युरेटर या ॲपने पूर्ण पुसून परत सेट केले, अख्खा शनिवार गेला.

आता महत्त्वाचं. आधी वायफायचं प्रोफाइल सगळ्यांवर पोचलंय का ते एकेक उघडून बघा, आणि मगच बंदी लावा. महिन्याभराने मी राउटरवर वायफायचा पासवर्ड बदलला आणि सगळे आयपॅड एकदम नेटबाहेर, नवीन प्रोफाइल पाठवणार कसं, कारण ते यायलाही नेट लागतं ना, आणि हाताने दुसरं वायफाय जोडायची सोय तर आपणच बंद केलेली! शेवटी राउटरवर जुनाच पासवर्ड परत टाकला, दहा मिनिटांत सगळे आले, मग नवीन प्रोफाइल पाठवलं.

तेव्हापासून प्रोफाइलमध्ये एक जादा वायफाय टाकून ठेवलंय, वेगळ्या नावाचं, त्याचा पासवर्ड मुख्य वायफायसोबत कधीच बदलत नाही.