क्लॅटच्या तर्क विभागातील उतारे वाचताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतील मराठी शाळांतून पुढे आलेली मुले क्लॅटच्या, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेच्या, तर्क विभागात मागे पडली, की दोष सहसा त्यांच्या इंग्रजीला दिला जातो. परीक्षा इंग्रजीतच असते हे खरे. तरीही उतारा समजूनसुद्धा उत्तर चुकते, तेव्हा दोष वाचण्याच्या पद्धतीत शोधावा. दोन तासांत 120 प्रश्न सोडवायचे असतात, त्यांपैकी 22 ते 26 तर्काचे असतात आणि प्रत्येक चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा होतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे स्वतःजवळची माहिती उताऱ्यात मिसळणे. समजा, लेखक म्हणतो, ‘खानापूर तालुक्यात पावसाळ्यात भरपूर पाऊस पडतो, त्यामुळे तेथील गावांना उन्हाळ्यात पाणीटंचाई भासणार नाही.’ प्रश्न आहे, यात कोणते गृहीतक दडलेले आहे? एप्रिलमध्ये विहीर तळाला गेलेली पाहिलेला विद्यार्थी ‘पावसाचे बरेचसे पाणी वाहून जाते’ हा पर्याय निवडतो, कारण तो त्याला खरा वाटतो. पण तो पर्याय लेखकाचा युक्तिवाद कमकुवत करतो. लेखकाने गृहीत धरले आहे ते हे, की पावसाळ्यातील पाणी उन्हाळ्यापर्यंत पुरेल इतके उपलब्ध राहते. अशा वेळी पर्याय नकारार्थी करून पाहावा. पाणी तसे उरत नाही असे मानताच युक्तिवाद कोसळतो. ‘खानापुरात बेळगावपेक्षा जास्त पाऊस पडतो’ हे विधान नाकारले, तर मात्र तो तसाच उभा राहतो. ही कसोटी गृहीतकाच्या प्रश्नांपुरतीच वापरावी.

निष्कर्ष नेहमी शेवटच्या वाक्यात असतो, ही समजूतही सोडावी. बाकीची वाक्ये ज्या विधानाला आधार देतात, ते विधान निष्कर्ष होय, मग ते उताऱ्याच्या आरंभी का असेना.

अटींची वाक्ये घाईने वाचू नयेत. ‘75 टक्के हजेरी असेल तरच परीक्षेला बसता येईल’ यावरून हजेरी भरलेल्या प्रत्येकाला बसता येईलच असे ठरत नाही, कारण शुल्कासारखी आणखी एखादी अट असू शकते.

टोकाचे विधान असलेला पर्याय पाहताच खोडावा, हा सल्ला सरसकट पाळणे मला धोक्याचे वाटते. उताऱ्यातील ‘काही’चे पर्यायात ‘सर्व’ झाले असेल, तर अनुमानाच्या प्रश्नात तो जरूर खोडावा. परंतु युक्तिवाद बळकट करणारे विधान विचारले असेल, तर ठाम पर्यायच बरोबर असू शकतो.

सराव चाचणीनंतर प्रत्येक चुकीपुढे तिचे कारण लिहावे: प्रश्न चुकीचा वाचला, निष्कर्ष सापडला नाही, की बाहेरची माहिती घातली. एकच कारण वारंवार दिसू लागल्यास नव्या चाचण्या थोड्या थांबवून त्या प्रकारचे जुने प्रश्न घड्याळ न लावता सोडवावेत आणि प्रत्येक उत्तराला उताऱ्यातील कोणत्या वाक्याचा आधार आहे, ते अधोरेखित करावे.