लातूरच्या उन्हात पँटच्या आतलं होल्स्टर : माझा अनुभव

आडतीचा व्यवहार, सोबत रोकड, म्हणून परवान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर कमरेला असतं. शस्त्र नियम २०१६ नुसार सार्वजनिक ठिकाणी ते होल्स्टरमध्ये, म्हणजे कमरेला अडकवायच्या म्यानात, पूर्ण झाकलेलं हवं. आधीचं मऊ चामड्याचं होल्स्टर एप्रिल लागला की घामानं ओलं राहायचं, नळीवर तांबूस डाग धरायचा. त्याहून वाईट म्हणजे हत्यार काढलं की होल्स्टरचं तोंड मिटायचं. परत घालताना चामड्याची घडी ट्रिगरवर दाबली जाऊ शकते, आणि हा धोका मला अजिबात मान्य नाही.

आता कायडेक्सचं घेतलंय. कडक प्लास्टिक, घाम पीत नाही, ट्रिगर गार्ड (ट्रिगरभोवतीची कडी) पूर्ण झाकतं, तोंड उघडंच राहतं. अंगाकडची बाजू उंच घ्या, म्हणजे घाम धातूला लागत नाही. रिव्हॉल्व्हरच्या गोळ्यांच्या चक्रीची जाडी मात्र राहतेच. त्यासाठी पँट कमरेत इंचभर सैल शिवली आणि ताठ, जाड पट्टा घेतला. निम्मं काम पट्ट्याचंच आहे! उजव्या कुल्ह्याच्या किंचित मागे ठेवलं की मूठ सदऱ्यातून दिसत नाही. पाठीच्या कण्यावर कधीच नको, गाडीवरून पडलात तर मणक्याला इजा होईल. पहिल्यांदा गोळ्या काढून घरातच वाकून, उकिडवं बसून बघा.