शून्य भागिले शून्य आलं, आता पुढे काय?

बारावीच्या मुलांना लिमिट (क्ष एखाद्या किमतीकडे सरकताना राशी कुठल्या किमतीकडे जाते ते) शिकवताना मी आधी एक सवय लावतो: क्षची किंमत घाला, काय येतं ते समासात पेन्सिलीनं लिहा, मग गणिताला हात लावा. ५/० आलं तर ते अनिश्चित रूप (ज्यावरून उत्तर ठरवताच येत नाही असं रूप) नव्हे. अंश ठाम आहे, फक्त छेद शून्याकडे धनाकडून येतोय की ऋणाकडून, एवढं बघायचं. १/क्ष उजवीकडून +∞ कडे जातं, डावीकडून −∞ कडे. म्हणून लिमिट नाही. विषय संपला.

०/० आलं की खरं काम सुरू होतं. अंश आणि छेद दोघंही शून्याकडे निघालेत, पण कोण किती वेगानं, ते अजून कळलेलं नाही. क्ष शून्याकडे नेला की ५क्ष/क्ष ५ देतं, क्ष²/क्ष ० देतं आणि क्ष/क्ष³ वाढतच जातं. समासात तिन्ही वेळा ०/०च लिहिलेलं असतं.

पहिला उपाय अवयवांचा. क्ष ३ कडे नेताना (क्ष² − ९)/(क्ष − ३) मध्ये क्ष − ३ उडवा, क्ष + ३ उरतं, उत्तर ६. एखादी चौकस मुलगी विचारतेच, "सर, शून्यानं भागलं की आपण!" नाही भागलं. क्ष ३ च्या हवा तितका जवळ जातो, ३ होत नाही.

हा पेच आपल्याकडे फार जुना आहे. ब्रह्मगुप्तानं ६२८ साली ०/० ला सरळ ० म्हणून टाकलं. भास्कराचार्य जास्त सावध. लीलावतीतलं त्यांचं उदाहरण मी दरवर्षी फळ्यावर घालतो: एका संख्येला शून्यानं गुणा, आलेल्यात त्याचंच अर्धं मिळवा, तिनानं गुणा, शून्यानं भागा, ६३ येतात. आचार्यांचं सांगणं असं की पुढे क्रिया बाकी असेल तर शून्याचा गुणाकार लगेच पुसू नका, तसाच बाळगा. मग ९/२ पट संख्या म्हणजे ६३, संख्या १४. आजच्या काटेकोरपणात हे बसत नाही, पण शून्याच्या जागी लहानसा क्ष ठेवला की तंतोतंत बसतं. (त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातवानं काढलेल्या मठाचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणला आहे. सहल न्यायची तर तिकडे न्या.)

आता मुलांचा लाडका लॉपिताल, म्हणजे त्या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाचा नियम: अंश आणि छेद यांचं वेगवेगळं विकलन (डेरिव्हेटिव्ह) करा, मग त्यांच्या भागाकाराचं लिमिट घ्या. नियम १६९६ च्या त्याच्या पुस्तकात छापला गेला, शोध योहान बर्नुलीचा. हा नियम ०/० आणि ∞/∞ यांनाच लावायचा. (क्ष + २)/क्ष ला शून्यापाशी लावलात तर १ येईल, आणि ते साफ चूक, कारण तिथे मुळात २/० आहे. शिवाय (क्ष + साइन क्ष)/क्ष अनंताकडे न्या: नियमानं १ + कॉस क्ष येतं, ते डोलतच राहतं. वरखाली क्षनं भागलं तर उत्तर १.

∞ − ∞ दिसलं की संयुग्मीनं, म्हणजे मधलं वजा चिन्ह अधिक करून मिळणाऱ्या राशीनं, वरखाली गुणा. क्ष अनंताकडे नेला की √(क्ष² + ६क्ष) − क्ष हे ० वाटतं, येतं ३; क्ष = १०० घालून पाहा, २.९५६ मिळेल. एकाचा अनंतावा घातही १ नसतो: (१ + १/न) चा न-वा घात न = १००० ला २.७१६९ होतो. इथे लॉग घ्यायचा.

कॅल्क्युलेटरनं पडताळा घ्या, पण हावरेपणा नको. रेडियनमध्ये (१ − कॉस क्ष)/क्ष² ला क्ष = ०.०१ घातलं तर ०.४९९९९५८ दिसतं, म्हणजे अर्धं. क्ष = ०.०००००००१ घाला, बहुतेक यंत्रं ० दाखवतील. कॉसची किंमत त्यांच्या आकड्यांत मावत नाही, ती १ च धरली जाते.