जेट्टीवरून होडीत लाईन घेताना या चुका टाळा

मागच्या जुलैतली गोष्ट. नवी मुंबईतल्या दिवाळे कोळीवाड्यात एका काकांची होडी ओंडक्यांवर चढवून ठेवली होती. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी, म्हणजे दुरुस्तीचे दिवस. काकांनी मला हाक मारली. "इंजिनाला हात लावला की मुंग्या येतात, जरा बघ ना." चार्जर बॅटरीला जोडलेला होता, घरातून आणलेली वायर खिडकीतून खाली आली होती. मल्टीमीटरची एक सळई इंजिनाला लावली, दुसरी ओल्या मातीत खुपसली. आकडा आला १०८ व्होल्ट.

प्लग काढून हातात घेतला तर तिसरी पिन नव्हती. घरातल्या सॉकेटला दोनच भोकं होती, म्हणून कोणीतरी करवतीने कापली होती. कापलेल्या जागी पितळ अजून चकचकत होतं. चार्जरची बॉडी पत्र्याची, आतलं इन्सुलेशन थकलेलं, आणि गळणाऱ्या करंटला जमिनीत जायला वाटच ठेवली नव्हती. मग तो बॅटरीच्या मायनसमधून इंजिनात येऊन बसला. तीच होडी पाण्यात असती तर शाफ्ट आणि पंख्यातून तो खाडीत उतरला असता, आणि कळलं असतं ते पाण्यात उतरलेल्या माणसालाच.

म्हणून पहिली चूक हीच सांगतो, कारण सगळ्यात जास्त दिसते ती: अर्थिंग तोडणं. घरात कोरड्या लादीवर, पायात चप्पल घालून आपण जे खपवून घेतो ते होडीत चालत नाही. तिथे पाय ओले, हात ओले, कपड्यांत मीठ. तीन पिनचाच प्लग वापरा, तीन तारांचीच वायर ओढा, आणि ज्या सॉकेटमधून लाईन घेताय त्याचं अर्थिंग खरंच आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या. सॉकेटला तीन भोकं आहेत म्हणजे मागे तार जोडलेलीच आहे असं नसतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

काही जण अर्थ मुद्दाम काढतात, आणि त्यांचं कारण अगदी खोटं नसतं. जेट्टीच्या अर्थमधून दोन होड्यांचे धातू एकमेकांना जोडले जातात, आणि खाऱ्या पाण्यात बॅटरीसारखा खेळ सुरू होतो. पंखा गंजू नये म्हणून लावलेला जस्ताचा तुकडा, म्हणजे झिंक, लवकर खातं, मग पंख्यावर खड्डे पडतात. पण त्यावर अर्थ तोडणं हा उपाय नव्हे. गॅल्व्हॅनिक आयसोलेटर नावाचा डबा अर्थच्या तारेत बसवतात. तो ही बारीक डीसी अडवतो आणि बिघाडाचा मोठा करंट मात्र जाऊ देतो. मोठी होडी असेल आणि परवडत असेल तर होडीची लाईन जेट्टीच्या तारांपासून वेगळी ठेवणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर त्याहून चांगला. झिंक दुकानात मिळतं. ते वाचवायला माणूस पणाला लावू नका.

एमसीबी आहे, मग आरसीसीबी कशाला? हा प्रश्न मला दर आठवड्याला कोणीतरी विचारतं. एमसीबी वायर वाचवतो: लोड जास्त झाला किंवा शॉर्ट झालं की पडतो. १६ अँपियरच्या एमसीबीला तुमच्या अंगातून जाणारा करंट दिसतसुद्धा नाही. आरसीसीबी फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतोय का ते बघतो. ३० मिलिअँपियरचा फरक पडला की लाईन तोडतो. होडीच्या लाईनवर ३० मिलिअँपियरचाच हवा, आणि तोही जेट्टीच्या बाजूला, म्हणजे मधल्या वायरलाही संरक्षण मिळेल. महिन्यातून एकदा त्यावरचं टेस्ट बटण दाबा. पडला नाही तर बदला. एक लक्षात ठेवा, एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरला तर त्यालाही काही कळत नाही.

आता आरसीसीबी सारखा पडतो म्हणून तो बायपास करणारे. कृपा करून हे करू नका, तो काहीतरी सांगतोय. कधी पडतो ते बघा. सकाळी पडतो आणि ऊन चढल्यावर टिकतो, तर एखाद्या जोडात दव किंवा पावसाचं पाणी शिरलंय. काळी टेप गुंडाळलेला जोड पहिल्यांदा उघडा, बहुधा तिथेच हिरवी पडलेली तार सापडेल. फक्त भरतीला पडतो, तर वायर कुठेतरी पाण्याला लागतेय. एखादं यंत्र लावल्यावरच पडतो, तर गुन्हेगार ते यंत्र. होडीतले सगळे एमसीबी खाली पाडले तरी पडतो, तर न्यूट्रल आणि अर्थ कुठेतरी एकमेकांना चिकटलेत. साधा एमसीबी फेजच तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो, म्हणून हा दोष लपून बसतो.

भरतीचा विषय निघालाच आहे तर वायरच्या लांबीबद्दल. आपल्या खाडीत उधाणाला पाणी चार मीटरहून जास्त वर-खाली होतं. भरतीला मापाने बांधलेली वायर ओहोटीला ताणून प्लगमधून निसटते, आणि ओहोटीला मापाने सोडलेली वायर भरतीला पाण्यात लोळते. ढील ठेवा, पण ती खांबाला वर अडकवून ठेवा आणि प्लगच्या आधी वायरला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी झोळातून टपकेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. उरलेली वायर रिळावर गुंडाळून त्यावर ग्राइंडर चालवू नका, आतल्या वेढ्यांची उष्णता बाहेर पडत नाही आणि पीव्हीसी वितळतं. १६ अँपियरला २.५ चौरस मिलिमीटरची रबरी वायर आणि पाणी न शिरणारा निळा इंडस्ट्रियल प्लग घ्या. जोडताना आधी होडीकडचं टोक, मग जेट्टीकडचं. काढताना आधी जेट्टीचा स्विच बंद, मग जेट्टीकडचं टोक. उलट केलंत तर हातात जिवंत प्लग घेऊन फळीवरून चालावं लागतं.

बारा व्होल्टने शॉक बसत नाही म्हणून तिकडे दुर्लक्ष होतं, पण आग तिथूनही लागते. बॅटरीच्या प्लसपासून वीतभराच्या आत फ्यूज हवाच. होडीच्या तळातलं पाणी उपसणारा बिल्ज पंप हळू फिरतो म्हणून पंप बदलण्याआधी वायर बघा: १० अँपियरचा पंप बॅटरीपासून पाच मीटरवर असेल आणि तार १.५ ची असेल, तर जाऊन-येऊन सव्वा व्होल्टच्या आसपास वाटेतच मरतो. ४ ची तार टाका, अर्धा व्होल्टही जाणार नाही. तार कथील चढवलेली, टोकाला दाबून बसवलेलं थिंबल. चार्जर आपोआप थांबणारा नसेल तर रात्रभर लावून घरी जाऊ नका. १४.४ व्होल्टच्या वर लेड-अ‍ॅसिड बॅटरी जोरात हायड्रोजन सोडते, आणि हवेत तो ४ टक्के झाला तरी ठिणगी पुरते. बॅटरीवरच्या फळ्या उघड्या ठेवा. बॅटरी चार्जरवरून काढून काही तास ठेवल्यावर १२.७ दाखवत असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी.

शेवटी पावसाळ्याबद्दल, कारण हे फार कमी लोकांना माहीत असतं. खारं पाणी माणसाच्या अंगापेक्षा चांगलं वाहक असतं, त्यामुळे करंट बराचसा माणसाला वळसा घालून जातो. जुलैत खाडीत गोडं पाणी भरतं, आणि तेव्हा अंग हाच सोपा रस्ता होतो. लाईन जोडलेली असताना कोणी पाण्यात हातपाय न हलवता पडलेलं दिसलं, तर मागोमाग उडी मारू नका. आधी जेट्टीवरचा स्विच पाडा, मग कोरडा बांबू किंवा दोर टाका, वर काढल्यावर श्वास नसेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करा आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. त्यासाठी तो स्विच कुठे आहे हे होडीवरच्या प्रत्येक खलाशाला माहीत हवं. काकांच्या घरी आता खिडकीखाली, बाहेरून हात पोचेल असा, लाल रंगवलेला डबा बसवलाय.